हरवलेल्या ताटांचं पेज

आमच्या सणसरच्या महिला ताट बँकेत स्टीलची बाराशे ताटं आहेत आणि त्यातलं एकही बिननावाचं नाही. इंदापूरच्या बाजारात ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव टाकून देतात, तसं प्रत्येकावर टाकलेलं आहे. ‘कै. झुंबर तात्या यांच्या स्मरणार्थ.’ ‘युवराज बारावी पास झाल्याबद्दल.’ ‘बोअरला पाणी लागल्याबद्दल.’ एका ताटावर नुसतंच ‘पुन्हा पाणी लागल्याबद्दल’ असं आहे. ते त्याच घरचं. आमच्याकडं पंगतीत बसलेला माणूस आधी कुणाच्या ताटात जेवतोय ते वाचतो आणि मग भाताला हात लावतो.

बँक म्हटल्यावर पहिल्या वर्षी एक आजोबा पासबुक भरून घ्यायला आले होते. त्यांना ताट दिलं, ते जेवून गेले. आजही आमचं कामकाज तेवढंच आहे. लग्न, बारसं, दहावा, काहीही असो, ताटं न्यायची, जेवायचं, परत द्यायची. भाडं नाही. अट एकच, थर्माकोल मांडवात आणायचा नाही. ताटं घासायला बँकेच्या बाया स्वतः जातात, कारण दुसऱ्याच्या घासण्यावर सिंधुकाकीचा विश्वास नाही.

सिंधुकाकी माझी सख्खी चुलती आणि बँकेची अध्यक्ष. तिच्या मुलीच्या लग्नात आठशे थर्माकोलच्या ताटल्या कुणीतरी कॅनॉलला टाकल्या. आठ दिवसांनी पाण्याची पाळी आली आणि त्या सगळ्या काकीच्याच उसात आल्या, आहेर परत यावा तशा. काकीनं दोन दिवस वाकून त्या वेचल्या. तिसऱ्या दिवशी तिनं गावात घरोघर जाऊन प्रत्येकी एक ताट मागितलं. लोकांना वाटलं काकी जेवायला आली. पाट मांडले. काकी म्हणाली, “जेवायचं न्हाय, ताटच पायजे.” अशी बँक झाली.

अडचण एकच होती. लग्नं सुरू होतात तुळशीच्या लग्नानंतर, आणि ऊसतोडही तेव्हाच सुरू होते. ताटं न्यायची ती गावातल्या कुंडलिकच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. कुंडलिकची ट्रॉली उन्हाळाभर रिकामी उभी असते आणि ऐन लग्नात कारखान्याच्या रांगेत असते. मग ताटं मोटारसायकलवर जायची, पोत्यात चाळीस-चाळीस. सहाशे ताटांना पंधरा खेपा. गेल्या हंगामात अशी पाच लग्नं नाकारावी लागली. त्या पाचही मांडवांत थर्माकोल आला, आणि पुढच्या पाळीला उसात आला. काकी त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीला जुना टेम्पो एखाद्या संस्थेला द्यायचा आहे असं कळलं, तेव्हा काकीनं अर्ज केला. आठवड्यानं कंपनीच्या वृषाली मॅडम चौकशीला आल्या. शाळेशेजारच्या खोलीत ताटांच्या थप्प्यांमध्ये खुर्ची टाकून त्यांना बसवलं.

“मी तुम्हाला नेटवर खूप शोधलं,” मॅडम म्हणाल्या, “पण तुम्ही कुठंच सापडला नाहीत.”

“नेटवर कशाला शोधायचं?” काकी म्हणाली. “शाळंशेजारी हाय की आमी.”

मॅडम हसल्या, पण मग त्यांनी नीट सांगितलं. अकरा संस्थांचे अर्ज आहेत. कमिटीतले साहेब काही गावोगाव फिरणार नाहीत. ते आपापल्या मोबाइलवर संस्थेचं पेज उघडून काम बघणार. बैठक एक महिन्यानं. पेज नसेल तर अर्ज बाजूला.

काकी माझ्याकडं वळली. “ऋष्या, तू दिसभर मोबाइलमदीच असतूस. जरा आमाला बी घिऊन जा.”

माझं सणसरला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दुःखद निधन. गावात वर्षाला जेवढे वाढदिवस होतात तेवढी माणसं गावात नाहीत. फ्लेक्सचा कायदा मला तोंडपाठ आहे. ज्याचा मान मोठा त्याचा फोटो मोठा, आणि ज्याचा फोटो राहिला तो वर्षभर बोलत नाही. मी पेज त्याच कायद्यानं केलं. बँकेच्या एकतीस बायांचे एकतीस गोल फोटो. वर उगवता सूर्य. डाव्या बाजूला वाघ, कारण वाघ माझ्याकडं आधीच कापून ठेवलेला होता. खाली ‘ध्यास परिवर्तनाचा’. मागं नेटवरून घेतलेली एक गोरी बाई, तिच्या ओंजळीत रोपटं. ताट एकही नव्हतं. जागाच उरली नाही.

मुक्ताबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पेज बघितलं. मुक्ताबाई बँकेच्या सगळ्यात जुन्या सभासद. कुठलं ताट कुठल्या घरचं आणि शेवटी कुठल्या मांडवात गेलं होतं, हे त्यांना न बघता सांगता येतं.

“ही रोपवाली कुणाची सून?” त्यांनी विचारलं.

“कुणाची न्हाय. नेटवरची हाय.”

“मग हितं काय करती? बोलवा तिला घासायला.”

आता पेजला माणसं पाहिजेत. इंदापूरला स्टँडच्या मागं ऋतिकचं मोबाइलचं दुकान आहे. तो माझ्याबरोबर आयटीआयला होता. त्याच्याकडं कव्हर घेतलं की हजार फॉलोअर मोफत मिळतात. मी दहा कव्हरं घेतली. माझ्याकडं मोबाइल एकच आहे, पण संस्थेसाठी माणूस काय करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट बँकेला दहा हजार माणसं येऊन बसली होती. मेहमेत, पावलो, इगोर, एकाचं नाव नुसतं आकडेच, आणि एकाच्या फोटोत फक्त घोडा. मी मोबाइल घेऊन बँकेत पळत गेलो. बाया थक्क झाल्या. काकीनं मात्र तोंड लहान केलं.

“दहा हज्जार?” ती म्हणाली. “आपल्याकडं ताटं बाराशे. म्हंजे सव्वाआठ पंगती होत्यात की रं.”

“काकी, ते जेवायला येणार न्हाईत.”

“आज न्हाय येणार. कुठली हायत?”

“तुर्कस्तान, ब्राझील...”

“लांबनं आल्यात म्हंजे राहणार बी,” मुक्ताबाई म्हणाल्या, आणि मनातल्या मनात गाद्या मोजायला लागल्या.

आठवडाभर आम्ही फार मोठी संस्था होतो. मी रोज एक पोस्ट टाकायचो. ‘हार्दिक शुभेच्छा.’ ‘हार्दिक अभिनंदन.’ ‘जागतिक पर्यावरण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’, तो डिसेंबर होता, पण डिझाइन तयार होतं. मग एका दुपारी वृषाली मॅडमचा फोन आला. काकी शेजारीच होती, म्हणून मी स्पीकर लावला. ही माझी त्या महिन्यातली दुसरी चूक.

“ऋषिराज, पेज बघितलं,” मॅडम म्हणाल्या. “वाघ कशाला आहे?”

मी म्हणालो, “तो आधीपासून होता.”

“आणि फॉलोअर दहा हजार, पण प्रत्येक पोस्टला पसंती चौदा. त्यातल्या तेरा तुमच्याच आडनावाच्या. कमिटीत एक साहेब आहेत, ते पहिलं हेच बघतात. तुमचं काम मी डोळ्यांनी बघितलंय. पण या पेजवर ते कुठंच नाही. मी त्यांना काय दाखवू?”

फोन ठेवल्यावर काकीनं माझ्या हातातला मोबाइल घेऊन उपडा ठेवला. काकीनं अशी वस्तू उपडी ठेवली की शेजारचं कुत्रंही उठून जातं.

“ती माणसं आपली न्हाईत?” तिनं विचारलं.

“न्हाय.”

“त्यांनी आपल्या पंगतीत कदी पाणी बी पिलं न्हाय?”

“न्हाय, काकी. ती कव्हरवर मिळाली.”

“मग ज्याची त्याला परत दे. आपली बँक हाय ऋष्या. दुसऱ्याचं भांडं आपल्या थप्पीत दिसलं, तर मानसं आपल्याबी भांड्याला चोरीचं म्हनतील.”

दहा हजार माणसं एकदम परत देता येत नाहीत. एकेकाला काढावं लागतं. मी चार दिवस बसून काढत होतो. मुक्ताबाई चष्मा लावून शेजारी बसल्या. मी नाव दाबायचो, त्या म्हणायच्या, “राम राम पाव्हणं.” इगोरला राम राम, मेहमेतला राम राम. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला, तरी त्यांनी एकालाही तसंच जाऊ दिलं नाही. घोड्यावर आल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“ह्यो राहू दे. गुणी दिसतूय.”

वाघ, सूर्य आणि रोपवाली बाई पण गेली. पेजवर उरले एकूण एक्केचाळीस जण. एकतीस बँकेच्या बाया, नऊ जावई आणि घोडा. बैठकीला सोळा दिवस राहिले होते. टेम्पो गेल्यात जमा होता, आणि तो माझ्यामुळं गेला होता. मला त्या दिवशी काकीच्या घरचा चहा गोड लागला नाही. मग कळलं की तिनं साखर टाकलीच नव्हती.

“आता काय टाकू पेजवर?” मी विचारलं.

“जे झालं ते टाक. जे न्हाय झालं ते नको टाकू,” काकी म्हणाली. “लई अवघड हाय का?”

त्या रविवारी लासुर्ण्याला लग्न होतं. ताटं सहाशे गेली, पाचशे सत्त्याण्णव आली. असं कायमच होतं. कागदावर आमची ताटं बाराशे, पण खोलीत तेव्हा अकराशे चाळीस होती. उरलेली साठ कुठंकुठं घराघरांत होती. यात चोर कुणी नाही. आमच्याकडं लग्नाला न येऊ शकलेल्या माणसासाठी, म्हाताऱ्या आईसाठी, बाळंतिणीसाठी, ताट वाढून वर दुसरं ताट झाकून घरी न्यायची पद्धत आहे. ते घरी जातं, जेवण होतं, ताट धुऊन फळीवर ठेवलं जातं, आणि उद्या देऊ म्हणता म्हणता वर्ष जातं. वर्षभर ठेवल्यावर द्यायला लाज वाटते. मग ते फळीवरच म्हातारं होतं.

तीन दिवस वाट बघितली, मग झालं ते टाकायचं म्हणून मी लिहिलं:

‘हरवले आहे. रंग स्टीलचा. अंगावर नाव: कै. झुंबर तात्या यांच्या स्मरणार्थ. शेवटचे पाहिले तेव्हा वर दोन जिलब्या व मसालेभात होता. सोबत झाकण म्हणून गेलेले ‘पुन्हा पाणी लागल्याबद्दल’ हेही बेपत्ता आहे. दोघांनी असाल तिथून घरी यावे. कोणीही रागावणार नाही. तिसऱ्या ताटाबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही, त्यामुळे जास्त काळजी वाटते. — सणसर महिला ताट बँक.’

काकीला वाचून दाखवलं. मला वाटलं, चेष्टा केली म्हणून मारती आता. ती म्हणाली, “मसालेभात न्हवता, साधा भात होता. तेवढं नीट कर.”

मी नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस मोटारसायकलवरून बँकेच्या दारात उतरला. हातात फडक्यात बांधलेली दोन ताटं. निमगावचा अविराज. वरच्या ताटात पेरू होते, अकरा.

“पेरू कशाला?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी परग्रहावरून आलोय. “रिकामं भांडं कसं द्यायचं?”

मग तो बसला आणि सांगायला लागला. त्याची आई दोन वर्षं अंथरुणाला. तिला ताट नेलं, जेवताना तिनं काठावरचं नाव बोटानं चाचपून वाचलं. झुंबर तात्या म्हणजे तिच्या माहेरच्या शेजारचे. तिच्या लग्नात पंगतीला त्यांनी वाढलं होतं, तिला जबरदस्तीनं तिसरी पुरणपोळी वाढली होती म्हणे. “आई तीन दिस तेच ताट मागत व्हती,” तो म्हणाला. “म्हणून राहिलं. लेकानं मोबाइलवर तुमचं वाचून दावलं, तर आई म्हणली, आदी देऊन ये, तात्या वाट बगत असतील.”

काकीनं ते ताट परत त्याच्या हातात दिलं. “तात्यांना तिथंच राहू दे. आई हाय तवर.”

मी पेरूंसकट फोटो काढला. लिहिलं, ‘पुन्हा पाणी लागल्याबद्दल घरी सुखरूप पोचले. येताना अकरा पेरू आणले. झुंबर तात्या निमगावला एका आईकडं मुक्कामी आहेत. तिसऱ्याचा शोध चालू.’

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी जबाबदार नाही. चार-चार वर्षं फळीवर बसलेली ताटं उठली. बारामतीहून आलं, भिगवणहून आलं, एमआयडीसीत रात्रपाळी संपवून येणारा एक कामगार दारावर ठेवून गेला. आणि रिकामं एकही आलं नाही. एकात गूळ, एकात डाळिंबं, एकात भुईमुगाच्या शेंगा. एकात चकलीचं पीठ आणि ‘तुमच्याकडं सोऱ्या असंलच’ अशी चिठ्ठी. एका ताटात कोंबडी बसून आली. ती द्यायची होती की तिला उतरता आलं नाही, हे आम्ही विचारलं नाही. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाखाली ते ताट कुठं होतं आणि कुणी त्यात काय जेवलं, एवढंच मी लिहायचो. एकीनं तर चार ओळी स्वतःच लिहून पाठवल्या. तिच्या बाळंतपणात महिनाभर डिंकाचे लाडू त्याच ताटात आले होते.

लोक ताटासाठी येऊ लागले तसे पेजवरही येऊ लागले. आधी ताट यायचं, मग माणूस. बैठकीच्या दिवशी साठातली सत्तेचाळीस ताटं परत आली होती. शिवाय आमची नसलेली पाच आली होती, त्यांची ‘सापडले आहे’ म्हणून वेगळी जाहिरात टाकली. त्यातलं एक फलटणच्या गणेश मंडळाचं होतं. मंडळ येऊन घेऊन गेलं, आणि जाताना पेढे ठेवून गेलं.

कंपनीत बैठकीला काकी, मुक्ताबाई आणि मी गेलो. हॉल इतका गार होता की मुक्ताबाईंनी पदर कानावरून घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. आमच्या आधीच्या संस्थेनं पडद्यावर फिल्म दाखवली. त्यात त्यांच्या अध्यक्षांचं हेलिकॉप्टरसारखं वरून चित्रीकरण होतं, आणि अध्यक्ष शेतात एकटेच हात पसरून उभे होते. मग आमचा नंबर आला. वृषाली मॅडमनी आमचं पेज पडद्यावर लावलं. कोंबडीचं ताट भिंतीएवढं झालं.

तेच, आधी पसंती मोजणारे साहेब पुढं वाकले. “महिन्यापूर्वी तुमच्याकडं दहा हजार लोक होते. आज तीनशे बारा. संस्था एवढी मागं कशी गेली?”

मी उठणार तेवढ्यात काकी उठली. पदर खोचला, जणू घासायला बसायचंय.

“ती आमची न्हवती साहेब. पोराच्या चुकीनं आली व्हती. एकेकाला राम राम करून परत दिली. दुसऱ्याचं ठेवत न्हाय आमी.”

“आणि हे तीनशे बारा?”

“हे आमचे. इचारा कुनाचं बी.”

साहेबांना ते खेळासारखं वाटलं असावं. त्यांनी यादी उघडली आणि बोट ठेवलं. “उत्कर्षा, कळंब.”

“बारशाला दीडशे ताटं,” मुक्ताबाई पदराआडून म्हणाल्या. “पोरगी झाली. चार म्हैन्याची आता. ताटं दुपारच्याला आली, एकाला पोचा पडला व्हता, तिच्या दिरानं ठोकून दिला.”

“दीपक, भवानीनगर.”

“दहावा, वडलांचा. अडीचशे. पावसात घासली, आमच्या सगळ्यांना पडसं आलं.”

साहेबांनी आणखी सहा नावं घेतली. मुक्ताबाई एकदाही थांबल्या नाहीत. हॉलमधले बाकीचे संस्थावाले मान वर करून ऐकत होते. आणि मला, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, आपण कुणाच्या बरोबर आलोय हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. तेवढ्यात साहेबांचं बोट घोड्यावर आलं.

“आणि हा?”

काकीनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

“त्यो पाव्हणा हाय,” मुक्ताबाई म्हणाल्या. “कुठला ते माहीत न्हाय. पर त्यानं आजपातुर काही घेतल्यालं न्हाय आमचं.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुष्कळ वेळ लिहिलं. “ठीक आहे, कळवू,” एवढंच बोलले. परतीच्या एसटीत काकीनं तिघांची तिकिटं काढली आणि खिडकीबाहेरचा ऊस बघत बसली. ‘कळवू’ म्हणजे काय ते आमच्याकडं सोयरीक जमवणाऱ्यांना नीट माहीत असतं.

चार दिवसांनी इंदापूरला सर्जेराव पाटलांकडं वास्तुशांत होती. आठशे ताटं, मोटारसायकलवर वीस खेपा, त्यातल्या अकरा माझ्या. पाठीचा मणका कुठं संपतो हे मला तेव्हा नीट कळलं. दुपारी शेवटची पंगत उठली, मांडवामागं बाया ओळीनं घासायला बसल्या, आणि माझा फोन वाजला. वृषाली मॅडम.

“ऋषिराज, मंजूर झालं. टेम्पो तुमचा. साहेब म्हणाले, तीनशे बारा माणसं नावानिशी ओळखणारी संस्था त्यांनी पहिल्यांदा बघितली. काकींना द्या ना फोन, मला त्यांना स्वतः सांगायचंय.”

मी मांडवामागं पळालो. ओरडतच पळालो, त्यामुळं सांगायचं काही उरलं नव्हतं. बाया घासता घासता थांबल्या. मुक्ताबाईंनी राखेच्या हातानंच तोंडावर पदर घेतला आणि खांदे हलायला लागले. काकीनं फक्त एकदा मान वर केली. तिचे डोळे चमकत होते, पण हात थांबला नाही.

“मॅडम लाइनवर हायत काकी. बोल की!”

“हात राखंचं हायत. अजून दोनशे ताटं हायत.” ती म्हणाली. “त्यांना म्हनाव थांबा. न्हायतर या हितंच, दोन घास खाऊन जावा.”

मी फोन कानाला लावून तेच सांगितलं, जसंच्या तसं.

“थांबते मी,” मॅडम म्हणाल्या.

फोन स्पीकरवर करून मी पालथ्या पातेल्यावर ठेवला, बाह्या सारल्या आणि मुक्ताबाईंच्या शेजारी बसलो. त्यांनी न बघता एक ताट माझ्यापुढं सरकवलं.

“काठाला नीट घास,” त्या म्हणाल्या. “नाव असतंय तितं.”